संशोधनासाठी सॉफ्टवेअर: शोधायचं कसं, पारखायचं कसं

'षण' असा शब्द मराठीत नाही. तरीही एका विद्यार्थिनीनं माझ्याकडे आणलेल्या यादीत तो सगळ्यात वर होता. शिक्षणाविषयीच्या जुन्या लेखांत कोणते शब्द वारंवार येतात, हे तिला मोजायचं होतं. तिनं एक फुकट प्रोग्रॅम उतरवला, लेख त्यात घातले आणि काही सेकंदांत यादी आली. त्या यादीत 'मह' हाही एक शब्द होता. तो कुठून आला हे तिला उमगेना, म्हणून ती विचारायला आली.

प्रोग्रॅम बिघडलेला नव्हता. सलग आलेली मूळ अक्षरं म्हणजे शब्द, एवढाच नियम त्याला शिकवलेला होता. काना, वेलांटी, हलन्त आलं की त्याच्या लेखी शब्द तुटतो, आणि एकटं पडलेलं अक्षर तो सोडून देतो. 'शिक्षण'मधला श वेलांटीपाशी तुटला, क हलन्तापाशी तुटला, मागे उरलं 'षण'. 'महाराष्ट्र'चं 'मह' झालं. इंग्रजीत काना-वेलांटीच नसल्यामुळे हाच नियम तिथं सुरळीत चालतो, आणि ज्यांनी तो लिहिला त्यांना अडचण कधी जाणवलीच नाही.

तिचं नशीब की 'षण' डोळ्यांना खुपलं. शब्दांऐवजी आकडे असते, तर चुकीचा आकडाही बरोबर आकड्यासारखाच दिसला असता. म्हणून नव्यानं संशोधनाला लागलेल्या प्रत्येकाला मी एक गोष्ट आधी सांगते: ज्याचं उत्तर तुम्ही स्वतः हातानं काढलं आहे असा लहानसा नमुना जवळ ठेवा, आणि कोणतंही सॉफ्टवेअर आपल्या खऱ्या डेटाला लावण्याआधी त्या नमुन्यावर चालवून बघा. खालच्या पायऱ्या त्या चाचणीपर्यंत पोचण्याच्या आणि तिच्या पुढच्या आहेत.

पहिली पायरी: आधी काम लिहा, सॉफ्टवेअरचं नाव नंतर

"मला एसपीएसएस शिकायचंय" असं म्हणत येणारे बरेच भेटतात. एसपीएसएस म्हणजे आकडेवारीचं विश्लेषण करणारं विकतचं सॉफ्टवेअर. कशासाठी असं विचारलं की "गाइडनी सांगितलंय" किंवा "सिनिअरनं तेच वापरलं होतं" असं उत्तर मिळतं. गाइडचं म्हणणं ऐकायचंच आहे, पण त्याआधी कागदावर चार-पाच ओळी लिहा. माझ्याकडे काय आहे: चाळीस मुलाखतींची ध्वनिमुद्रणं, की तीनशे प्रश्नावल्या, की स्कॅन केलेली जुनी मासिकं? त्यातून मला काय हवं आहे: तक्ता, नकाशा, आलेख की संदर्भसूची? काम किती वर्षं चालणार? माझा लॅपटॉप केवढा आहे, आणि घरी इंटरनेट सलग चालतं का?

वाक्यात क्रियापद आलं पाहिजे. "मुलाखतींच्या उताऱ्यांना कोड (म्हणजे विषयांच्या खुणा) लावायचे आहेत आणि एका कोडखालचे सगळे उतारे एकत्र वाचायचे आहेत" असं लिहिलंत, तर हे काम करणारी पाच-सहा साधनं समोर येतात. त्यांतली काही महाग, काही विनामूल्य. "एनव्हिवो हवं" असं त्यांतल्या एकाचंच नाव लिहिलंत, तर एकच साधन दिसतं आणि त्याच्या किमतीपाशी विचार थांबतो.

कधीकधी या चार ओळी लिहिल्यावर कळतं की नवं सॉफ्टवेअर लागतच नाही. बारा मुलाखती असतील तर छापील कागद आणि रंगीत पेन्सिली पुरतात, आणि मजकूर डोक्यात जास्त मुरतो.

दुसरी पायरी: शोध कुठे घ्यायचा

गुगलवर 'बेस्ट सॉफ्टवेअर फॉर रिसर्च' असं टाकलं तर वर जाहिराती येतात, आणि खाली 'टॉप टेन' याद्या. त्यांतल्या अनेक याद्या विक्रीवर कमिशन घेणाऱ्यांनी लिहिलेल्या असतात. सुरुवात तिथून करू नका.

सुरुवात करा आपल्या विषयातल्या ताज्या शोधनिबंधांपासून. गेल्या पाच वर्षांतले, तुमच्या कामाशी मिळतेजुळते दहा निबंध काढा आणि फक्त 'संशोधन पद्धती' हा भाग वाचा. कोणतं साधन, कोणती आवृत्ती, कशासाठी वापरलं हे तिथं लिहिलेलं असतं. आपल्याकडे यासाठी शोधगंगा फार उपयोगाची आहे. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्रानं चालवलेल्या या भांडारात भारतीय विद्यापीठांतले प्रबंध पूर्ण वाचायला मिळतात, मराठीतले प्रबंधही. पद्धतीचं प्रकरण उघडा, आणि त्याचबरोबर 'संशोधनाच्या मर्यादा' हा भागही वाचा. अडचणी बऱ्याचदा तिथं नोंदवलेल्या असतात.

मग विषयानुसार तयार असलेल्या सूची बघा. खगोलशास्त्रासाठी ॲस्ट्रोफिजिक्स सोर्स कोड लायब्ररी १९९९पासून चालू आहे. जीवशास्त्रासाठी बायो डॉट टूल्स, गणितासाठी एसडब्ल्यूमॅथ, मजकुराच्या अभ्यासासाठी टॅपॉर. संख्याशास्त्रात 'आर' ही आकडेमोडीची प्रोग्रॅमिंग भाषा वापरणार असाल तर त्याच्या क्रॅन या भांडारात 'टास्क व्ह्यूज' नावाची पानं आहेत. एकेका विषयासाठी कोणती पॅकेजेस (तयार जोड-प्रोग्रॅम) कामाची, हे त्या विषयातल्या जाणकारांनी तिथं निवडून मांडलेलं असतं. २०१६पासून निघणारं जर्नल ऑफ ओपन सोर्स सॉफ्टवेअर हे तर सॉफ्टवेअरचंच परीक्षण करून छापणारं नियतकालिक आहे, आणि परीक्षकांनी काय आक्षेप घेतले, लेखकांनी काय उत्तरं दिली हे सगळं कुणालाही वाचता येतं. नवख्यानं असं एक तरी परीक्षण सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचावं. सॉफ्टवेअरला कोणते प्रश्न विचारायचे असतात, ते त्यातून आपोआप समजतं.

सूचीचीही तारीख बघायची असते. डर्ट नावाची डिजिटल संशोधन-साधनांची एक मोठी सूची वर्षानुवर्षं वापरात होती. पुढे ती टॅपॉरमध्ये विलीन झाली. जुन्या लेखांतले तिचे दुवे अजून भेटतात.

आणि शिकायची सोय आहे का, तेही इथंच बघा. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात मुक्त सॉफ्टवेअरचे छोटे, ऐकत-बघत शिकायचे धडे आहेत, आणि त्यांतले कितीतरी मराठीतून आहेत. तिथलाच फॉसी हा प्रकल्प शिक्षणात मुक्त सॉफ्टवेअर यावं म्हणून काम करतो. ज्याचे धडे मराठीत आहेत ते साधन केवळ तेवढ्यासाठी घ्यावं असं नाही. पण दोन साधनं तोडीस तोड असतील, तर मी मराठीत शिकता येतं तेच घेईन.

विकत घेण्यापूर्वी विद्यापीठाच्या ग्रंथालयात आणि संगणक केंद्रात जाऊन विचारा. विद्यापीठानं आधीच लायसन्स घेतलेलं असतं आणि विभागात कुणाला त्याचा पत्ता नसतो, असं अनेकदा घडतं.

तिसरी पायरी: त्याच्यामागे कोण आहे

पीएचडी पाच-सहा वर्षं चालते. तेवढा काळ ते सॉफ्टवेअर टिकेल का, हा प्रश्न भाड्याचं घर बघताना मालक कोण हे विचारण्यासारखा आहे.

मेंडलीचं उदाहरण घ्या. संदर्भ सांभाळणारं हे साधन एल्सेव्हियर या प्रकाशनसंस्थेनं २०१३मध्ये विकत घेतलं. त्याची मोबाइल ॲप्स २०२१मध्ये बंद झाली, आणि सप्टेंबर २०२२पासून जुनं डेस्कटॉप ॲप नव्यानं उतरवता येईनासं झालं. त्याच्या जागी वेगळं ॲप आलं. गुगलचं फ्यूजन टेबल्स नकाशे काढायला पत्रकार आणि अभ्यासक आवडीनं वापरत. ते डिसेंबर २०१९मध्ये बंद झालं. आपलं काम ज्याच्या हाती दिलं, त्याचा निर्णय आपल्या हाती राहत नाही, एवढं यावरून ध्यानात ठेवायचं.

'मोफत' आणि 'मुक्त' यांत फरक आहे. मोफत म्हणजे आज पैसे घेत नाहीत. मुक्त म्हणजे त्याचा कोड, म्हणजे प्रोग्रॅमच्या मूळ आज्ञा, सगळ्यांसमोर आहे आणि तो बदलायची मुभा आहे. मूळ माणसं निघून गेली तरी दुसरं कुणीतरी तो चालू ठेवू शकतं. संदर्भ सांभाळणारं झोटेरो मुक्त आहे. ते २००६मध्ये अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठातल्या इतिहास केंद्रात सुरू झालं, आणि आज एक ना-नफा संस्था ते सांभाळते. 'आर' न्यूझीलंडमधल्या ऑकलंड विद्यापीठातल्या दोन प्राध्यापकांनी सुरू केलं, त्याची पहिली पक्की आवृत्ती फेब्रुवारी २०००मध्ये आली, आणि आज जगभरचे लोक त्यात भर घालतात. नकाशांसाठीचं क्यूजीआयएस २००२पासून आहे.

एखादं अनोळखी साधन गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर असेल तर तीन गोष्टी बघा. शेवटचा बदल कधी झाला. 'इश्यूज'मध्ये लोकांनी नोंदवलेल्या तक्रारींना उत्तरं मिळाली आहेत का. आणि काम एकच माणूस करतोय की चार-पाच जण. एकाच्याच खांद्यावर असलेलं साधन वाईट असतं असं नाही, पण त्याला नोकरी लागली की ते थांबू शकतं. जुनं म्हणजे मेलेलं असंही समजू नका. टेक ही अक्षरजुळणीची प्रणाली १९७८पासूनची आहे. तिच्या कर्त्यानं नवीन काही घालायचं नाही, फक्त चुका दुरुस्त करायच्या असं ठरवलं आहे. गणिताचे शोधनिबंध आजही तिच्यावरच उभे आहेत.

विद्यार्थी-लायसन्स घेत असाल तर त्याची मुदत कधी संपते ते लिहून ठेवा. प्रबंध सादर केल्यावर परीक्षक दुरुस्त्या सुचवतात, तेव्हा नेमकं लायसन्स संपलेलं असतं आणि आपलीच फाइल उघडत नाही. क्रॅक केलेली प्रत वापरू नका. ती चोरी आहे. शिवाय त्या फाइलबरोबर लॅपटॉपमध्ये आणखी काय आलं हे कळत नाही, आणि प्रबंधात आवृत्ती काय लिहायची हाही प्रश्न उरतो. एसपीएसएस परवडत नसेल तर पीएसपीपी, जॅस्प आणि जामोवी हे तीन मुक्त पर्याय समोर आहेत. प्रश्नावलीच्या साध्या विश्लेषणासाठी ते पुरून उरतात.

चौथी पायरी: बाहेर पडायची वाट आधी बघा

आपण नेहमी डेटा आत कसा घालायचा ते शिकतो. मी उलट्या टोकाकडून सुरुवात करायला सांगते: पहिल्या दिवशी दहा नोंदी घाला, आणि त्याच दिवशी त्या बाहेर काढा.

झोटेरोमध्ये हे असं करता येईल. दहा संदर्भ निवडताना सोपे घेऊ नका. एक इंग्रजी शोधनिबंध, एक आयएसबीएन नसलेलं जुनं मराठी पुस्तक, एक संपादित ग्रंथातला लेख, एक अनुवाद, एक दिवाळी अंकातला लेख, एक वर्तमानपत्रातली बातमी, एक शासन निर्णय, एक गॅझेटिअर, एक अप्रकाशित प्रबंध, एक मुलाखत. आता फाइल मेन्यूतून 'एक्स्पोर्ट लायब्ररी' करा. एकदा आरआयएस स्वरूपात, एकदा बिबटेकमध्ये; एका साधनातून दुसऱ्यात संदर्भ न्यायची ही दोन स्वरूपं आहेत. ती फाइल दुसऱ्या एखाद्या साधनात उघडा आणि दहाही नोंदी ओळीनं मूळ नोंदींशी ताडून बघा. अनुवादकाचं नाव आलं का? दिवाळी अंकाचं वर्ष राहिलं का? टिपणं आणि टॅग सोबत आले का? काय गळलं ते लिहून ठेवा. पुढे ज्या रकान्यातली माहिती गळते, तिच्यावर विसंबायचं नाही.

त्याच दहा नोंदींची संदर्भसूची वर्डमध्ये काढून बघा. मराठी सूचीत दोन लेखकांच्या नावांमध्ये 'आणि' येतं की इंग्रजी 'अँड' घुसतो? 'संपा.'च्या जागी काय येतं? आडनाव आधी, नाव नंतर हा क्रम मराठी नावांनाही नीट लागतो का? हे सगळं दहा नोंदींत सापडतं आणि दहा मिनिटांत दुरुस्त होतं. सहाशे नोंदी झाल्यावर ते सादरीकरणाच्या आदल्या रात्री सापडतं.

मुलाखतींचं कोडिंग करणाऱ्यांसाठी रेफि-क्यूडीए नावाचं एक सामायिक स्वरूप आहे, एका साधनातलं काम दुसऱ्यात नेता यावं म्हणून ठरवलेलं. तुमचं साधन ते स्वरूप पूर्ण देतं की फक्त कोडांची यादी देतं, ते करून बघा. तक्त्यांसाठी सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे करणारी साधी फाइल) आणि मजकुरासाठी साधी टेक्स्ट फाइल मिळाली, की निम्मी काळजी मिटली.

पाचवी पायरी: हातचं उत्तर ठेवून चाचणी

इथं वेळ द्या. मी या पायरीला पूर्ण दोन दिवस देते.

आकड्यांपासून सुरुवात करू. २, ४, ४, ४, ५, ५, ७, ९ हे आठ आकडे घ्या. सरासरी ५. प्रत्येक आकड्याचं सरासरीपासूनचं अंतर काढून वर्ग केले की बेरीज ३२ येते. तिला ८नं भागून वर्गमूळ काढलं तर प्रमाण विचलन २ येतं. ८ऐवजी ७नं भागलं तर येतं २.१४. दोन्ही सूत्रं बरोबर आहेत. पहिलं संपूर्ण गटासाठी, दुसरं त्यातून निवडलेल्या नमुन्यासाठी. आता हेच आकडे तुमच्या सॉफ्टवेअरला द्या. 'आर'मधली नेहमीची आज्ञा २.१४ देते. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या नमपाय पॅकेजमधली नेहमीची आज्ञा २ देते. एक्सेलमध्ये दोन्हींसाठी वेगवेगळी सूत्रं आहेत, एकाच्या शेवटी 'पी', दुसऱ्याच्या शेवटी 'एस'. हातचं उत्तर जवळ नसेल, तर आपण कोणतं वापरलं हे कधी कळणारच नाही, आणि मौखिक परीक्षेत नेमकं तेच विचारलं जातं.

मग त्यातला एक आकडा पुसून रकाना मोकळा ठेवा. सरासरी सात आकड्यांची येते, की मोकळ्या जागेला शून्य धरून आठांची? प्रश्नावलीत 'उत्तर दिलं नाही' यासाठी आपण ९९ लिहितो. ते ९९ सरासरीत मिसळत नाही ना? अधिक अवघड गणितं करणार असाल तर अमेरिकेच्या एनआयएसटी या प्रमाणन संस्थेनं सॉफ्टवेअर तपासण्यासाठीच काही डेटासंच उत्तरांसकट खुले ठेवले आहेत. ते उतरवून घ्या.

एक्सेलबद्दल थोडं जास्त सांगते, कारण ते सगळ्यांकडे असतं आणि त्याच्याकडे कुणी सॉफ्टवेअर म्हणून संशयानं बघत नाही. जमिनींचा अभ्यास करणाऱ्यांनी एक प्रयोग करावा: रकान्यात इंग्रजी आकड्यांत ५/२ असा गट आणि हिस्सा क्रमांक टाका. एंटर दाबताच त्याची तारीख होते. जनुकशास्त्रज्ञांचं असंच झालं. मार्च१, सेप्ट२ अशा नावांच्या जनुकांच्या तारखा होत गेल्या. २०१६च्या एका पाहणीत एक्सेलमध्ये जनुकांच्या याद्या जोडलेल्या निबंधांपैकी साधारण एक पंचमांश निबंधांत अशा चुका निघाल्या, आणि २०२०मध्ये नावं ठरवणाऱ्या समितीनं अखेर जनुकांचीच नावं बदलली. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये कोविडच्या जवळजवळ १६,००० रुग्णांच्या नोंदी वेळेवर पुढे गेल्या नाहीत, कारण जुन्या एक्सेल फाइलमध्ये ६५,५३६ ओळींच्या पुढे काही मावत नाही. उपाय सोपा आहे: असे क्रमांक टाकण्याआधी तो रकाना 'टेक्स्ट' करून घ्या, आणि फाइल बदलली की आधीच्या आणि नंतरच्या ओळी मोजा.

आता मराठी मजकुराची चाचणी. वीस ओळींची एक फाइल तयार करा आणि ती कायम जवळ ठेवा. माझ्या फाइलमध्ये या गोष्टी आहेत. 'दुसऱ्या' हा शब्द दोनदा: एकदा ऱ हे स्वतंत्र अक्षर वापरून, एकदा र, हलन्त आणि डोळ्यांना न दिसणारं जोडचिन्ह वापरून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाला ते दोन वेगळे शब्द आहेत. एक शोधला तर दुसरा सापडत नाही. 'ॲप' आणि 'अॅप' यांचंही तसंच. मग ळ असलेले आणि क्ष, ज्ञ यांनी सुरू होणारे शब्द, अकारविल्हे लावल्यावर ते कुठे जातात ते बघायला. देवनागरी आकडे, कारण काही साधनं १२ला संख्या मानतात आणि काही नुसता मजकूर. आणि शेवटी जुन्या फाँटातली एक ओळ. कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या, युनिकोड ही सगळ्या लिप्यांची सामायिक पद्धत येण्याआधीच्या फाँटांत टाइप केलेला मजकूर आत रोमन अक्षरांचा असतो. फाँट काढून घेतला की निरर्थक अक्षरं दिसतात. जुन्या संस्थांकडून, छापखान्यांकडून फाइली मिळवणाऱ्यांनी हे पहिल्यांदा तपासावं.

या वीस ओळींतला प्रत्येक शब्द किती वेळा आला ते मी हातानं मोजून ठेवलं आहे. नवं साधन आलं की ही फाइल त्यात घालते आणि दोन आकडे शेजारी ठेवते. अर्ध्या तासात कळतं. सीएसव्ही करून एक्सेलमध्ये दोनदा क्लिक करून उघडली आणि मराठीच्या जागी चित्रविचित्र चिन्हं आली, तर घाबरू नका. फाइल बंद करा, जतन करू नका, आणि एक्सेलच्या 'डेटा' टॅबमधून यूटीएफ-८ (युनिकोड मजकूर साठवायची पद्धत) निवडून आत घ्या.

स्कॅन केलेल्या पानांवरून मजकूर काढायचा असेल तर टेसरॅक्ट हे मुक्त साधन मराठी ओळखतं. ते मुळात १९८५पासून एचपीच्या प्रयोगशाळेत बनलं, २००५मध्ये मुक्त झालं, आणि २०१८च्या चौथ्या आवृत्तीत त्याची ओळखण्याची पद्धतच नवी झाली. म्हणून त्याआधीचे अनुभव ऐकून ते नाकारू नका. त्याला चाचणीसाठी सगळ्यात खराब पान द्या: शाई पसरलेलं, पाठीमागची अक्षरं उमटलेलं, उभ्या जोडाक्षरांचा जुना खिळा वापरलेलं. दहा ओळी हातानं टाइप करा आणि किती अक्षरं चुकली ते मोजा. शंभरात दोन चुकत असतील तर सुधारत बसणं परवडतं. पंधरा चुकत असतील तर सरळ टाइपच करून घ्यावं. हा माझा अंदाज आहे, पण आजवर त्यानं माझा वेळ वाचवला आहे.

ही सगळी मेहनत कशासाठी, याचं एक उदाहरण मला विसरता येत नाही. अमेरिकेतल्या एका प्रयोगशाळेनं पेशीपटलावरच्या प्रथिनांची रचना शोधल्याचे निबंध नामांकित नियतकालिकांत छापले. दुसऱ्या गटाच्या निष्कर्षांशी ते जुळेनात, तेव्हा शोध घेतला गेला. प्रयोगशाळेतल्याच एका छोट्या प्रोग्रॅमनं डेटाचे दोन रकाने उलटवले होते, त्यामुळे रचनेचं सगळं चित्रच उलटं झालं होतं. २००६च्या शेवटी या चुकीची कबुली देण्यात आली आणि एकूण पाच निबंध मागे घ्यावे लागले. आधीच माहीत असलेली एखादी रचना त्या प्रोग्रॅममधून एकदा काढून पाहिली असती, तर चूक तिथंच दिसली असती.

सहावी पायरी: दुसऱ्याची माहिती हातात असेल तर

मुलाखतीचं ध्वनिमुद्रण हे फक्त तुमचं नसतं. ज्या बाईनं स्वयंपाकघरात बसून, घरातले बाहेर गेल्यावर तुम्हाला सांगितलं, तिनं ते तुम्हाला सांगितलं आहे; लेखी मजकूर करून देणाऱ्या कुठल्या वेबसाइटला नाही. संमतीपत्रावर तुम्ही काय लिहून घेतलंत ते पुन्हा वाचा. फाइल कुठे साठते, किती दिवस राहते, ती पुढे यंत्रं शिकवायला वापरतात का, हे त्या साइटच्या अटींत शोधा. स्पष्ट सापडलं नाही, तर फाइल चढवू नका. २०२२मध्ये खुलं झालेलं व्हिस्पर हे साधन स्वतःच्या संगणकावर, इंटरनेटशिवाय चालतं आणि त्यात मराठी आहे. बोलीतल्या मुलाखतींत ते बऱ्याच चुका करतं, म्हणून पाच मिनिटांचा तुकडा आधी स्वतः लिहून काढा आणि ताडून बघा.

प्रबंधाची उचलेगिरी तपासायला कुठल्याही फुकट साइटवर मजकूर टाकणं तितकंच धोक्याचं आहे. तुमचा अप्रकाशित मजकूर तिथं साठून राहिला, तर पुढच्या तपासणीत तुमचंच लिखाण तुमच्यावर उलटू शकतं. विद्यापीठांना यासाठी इन्फ्लिबनेटच्या शोधशुद्धी उपक्रमातून २०१९पासून सॉफ्टवेअर मिळतं. ग्रंथालयातून तेच वापरा. यूजीसीच्या २०१८च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतचं साम्य किरकोळ धरलं आहे, पण टक्का पाहून थांबू नका, खुणा केलेली वाक्यं एकेक करून वाचा.

संदर्भ शोधून देणाऱ्या एआय साधनांची चाचणी एका ओळीत सांगते. तुम्हाला पूर्ण माहीत असलेल्या विषयावर दहा संदर्भ मागा, प्रत्येकाचा डीओआय (लेखाचा कायमचा ऑनलाइन ओळख-क्रमांक) उघडा, आणि तिथं तोच लेख, तेच लेखक आहेत का ते बघा. एकही बनावट निघाला, तर त्याच्याकडून आलेला प्रत्येक संदर्भ तुम्हाला उघडून बघावाच लागणार, हे धरून चाला.

सातवी पायरी: आवृत्ती लिहून ठेवा

साधन ठरलं की पहिल्याच दिवशी वहीत लिहा: नाव, आवृत्ती क्रमांक, कुठून घेतलं, कोणत्या तारखेला, कोणत्या संगणकावर. उतरवलेली मूळ फाइल पेन ड्राइव्हवर जपून ठेवा. काम अर्ध्यावर असताना नवी आवृत्ती घेऊ नका. घ्यावीच लागली तर तो वीस ओळींचा आणि आठ आकड्यांचा नमुना पुन्हा चालवा. मेंदूच्या प्रतिमांचं विश्लेषण करणाऱ्या एका प्रसिद्ध पॅकेजमध्ये सुमारे पंधरा वर्षं एक चूक होती. ती २०१५मध्ये दुरुस्त झाली, आणि पुढच्या वर्षी त्यावर मोठी चर्चा झाली. ज्यांनी आवृत्ती नोंदवली होती त्यांना आपल्या निष्कर्षांवर परिणाम झाला का हे तपासता आलं.

सॉफ्टवेअर करणाऱ्यांना श्रेय द्यायलाही नोंद लागते. पुस्तकाचा संदर्भ देतो तसाच तो संदर्भसूचीत द्यायचा. 'आर'मध्ये 'सायटेशन' ही आज्ञा दिली की संदर्भ तयार मिळतो. गिटहबवरच्या अनेक साधनांत सायटेशन नावाची फाइल असते. तुम्ही स्वतः दहा ओळींचा कोड लिहिला असेल, तर तो सर्न या युरोपीय संशोधन संस्थेच्या झेनोडो भांडारात ठेवा. विनामूल्य डीओआय मिळतो आणि परीक्षकाला तो पडताळता येतो.

पद्धतीच्या प्रकरणात हे कसं लिहायचं, असं मला नेहमी विचारतात. असं लिहा: "प्रश्नावलीचं विश्लेषण 'आर' (आवृत्ती ४.३.१) मध्ये केलं. प्रमाण विचलन नमुन्याच्या सूत्रानं काढलं आहे. उत्तर न दिलेले रकाने गणनेतून वगळले. मजकुरातले शब्द मोजण्यापूर्वी 'ऱ'ची दोन्ही लेखनरूपं एकरूप केली. वापरण्याआधी साधन वीस ओळींच्या हातानं मोजलेल्या नमुन्यावर तपासलं. तो नमुना आणि त्याचे निकाल परिशिष्ट दोनमध्ये दिले आहेत."